कागदी मिशांची करामत



मागच्या महिन्यात नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. पाचवीपासून दर वर्षी ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाट्यगीत म्हणते. दर वर्षी वन्समोअर मिळतो. यंदा मात्र तिला स्वतः चाल लावलेलं गाणं म्हणायचंय. आणि घरचे, बाई, मैत्रिणी, सगळ्यांचं एकच पालुपद : "जमतंय ते सोडून हे नसतं खूळ कशाला?" पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय, "माझं चुकतंय का?"

पत्र वाचलं आणि मी कपाटातून एक जुनी एल.पी. काढली. लिव्हरपूलच्या 'बीटल्स' या चौकडीची. तिचं नाव 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड'. घ्या, एका दमात म्हणून दाखवा! १९६७ साली निघालेली ही तबकडी. तेव्हा जन्मलेली माणसं आज आजी-आजोबा झाली असतील. तरी लोक ती अजून ऐकतात. का बरं? त्या 'का'मध्येच आपल्या मैत्रिणीचं उत्तर दडलंय असं मला वाटतं. बघू या.

गोष्ट सुरू होते वन्समोअरपासूनच. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. चौघेही पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे, आणि जगात सर्वांत गाजलेले. पण कार्यक्रमात पोरं-पोरी इतक्या किंचाळायच्या, की चौघांना स्वतःचंच गाणं ऐकू येईना! रिंगो इतरांच्या हालचालींकडे बघून ताल धरायचा. मग चांगलं वाजवलं काय नि वाईट वाजवलं काय, कुणाला कळणार? २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा मोठा कार्यक्रम झाला, आणि त्यांनी दौरे कायमचे थांबवले. वर्तमानपत्रांत कुजबुज सुरू झाली, 'संपले वाटतं हे!'

दौरे थांबल्यावर जॉर्ज कुठे गेला असेल? आपल्या मुंबईला! सप्टेंबर १९६६ मध्ये तो पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला आला. कुणी ओळखू नये म्हणून त्यानं मिशी वाढवली होती, आणि ताजमहाल हॉटेलात नाव लिहिलं 'सॅम वेल्स'. पण गुपित फुटलंच. हॉटेलाबाहेर ही गर्दी! शेवटी गुरू-शिष्य शिकवणीसाठी काश्मीरला निघून गेले.

खोटं नाव नि मिशी, हे लक्षात ठेवा हं. पुढे कामाला येणार आहे.

नोव्हेंबरमध्ये पॉल केनियाहून विमानानं परत येत होता. बरोबर त्यांचा मदतनीस मॅल इव्हान्स. जेवणाच्या ताटातल्या 'सॉल्ट अँड पेपर'च्या पुड्यांवरून काहीतरी बोलणं झालं आणि पॉलला ऐकू आलं 'सार्जंट पेपर'! त्यावरून त्याला सुचलं, आपण बीटल्स नाहीच असं समजलो तर? आपण दुसराच कुठला तरी बँड आहोत, बाजाच्या पेट्या नि तुताऱ्या घेऊन बागेत वाजवणारा. मग त्या बँडनं काहीही वाजवावं! बीटल्सना हे शोभतं का, असं विचारणार कोण?

म्हणजे भातुकलीच की! 'तू राजा, मी प्रधान' असं म्हटलं की लाजराबुजरा मुलगासुद्धा कसा ऐटीत हुकूम सोडतो, पाहिलंय ना?

आता या भातुकलीसाठी त्यांच्याकडे सामान काय होतं ते ऐका. लंडनच्या ॲबी रोडवरचा ई.एम.आय. कंपनीचा स्टुडिओ, आणि चार ट्रॅकचं टेपरेकॉर्डर. म्हणजे एका फितीवर शेजारी-शेजारी फक्त चार पट्ट्या. एकीवर ढोल, दुसरीवर गिटार, तिसरीवर पियानो, चौथीवर गळा. संपली जागा! अजून काही वाजवायचं असेल तर? तर त्या चारही पट्ट्यांचं मिश्रण करून दुसऱ्या यंत्राच्या एकाच पट्टीवर उतरवायचं. तिथे उरलेल्या तीन पट्ट्या मोकळ्या. पण एकदा मिश्रण झालं की झालं. ढोल जास्त झाले म्हणून नंतर कमी करता येत नाहीत. डाळीत मीठ पडल्यासारखंच. शिवाय दर वेळी फितीची खरखर वाढणार ती वेगळीच. आज तुमच्या दादाच्या मोबाइलमधल्या साध्या ॲपमध्येही याहून जास्त ट्रॅक असतात. इथे मात्र पुढचा विचार करून, कान टवकारून, प्रत्येक पाऊल टाकावं लागे.

हे सांभाळायला होते निर्माते जॉर्ज मार्टिन, शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत शिकलेले, शिस्तीचे गृहस्थ. ध्वनिमुद्रणाला होता जेफ एमरिक, काम सुरू झालं तेव्हा अवघा वीस वर्षांचा! बीटल्सच्या पहिल्या एल.पी.तली दहा गाणी १९६३ साली एका दिवसात मुद्रित झाली होती. या वेळी नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७, असे पाच महिने लागले. रिंगोची वाजवायची पाळी कधीतरी यायची, म्हणून त्यानं तेवढ्यात बुद्धिबळ शिकून घेतलं!

आता एकेक करामत बघा. केंट परगण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात जॉनला १८४३ सालची सर्कशीची जाहिरात मिळाली. त्यावरून त्यानं 'बीइंग फॉर द बेनिफिट ऑफ मिस्टर काइट' हे गाणं रचलं. मार्टिनसाहेबांना म्हणाला, सर्कशीतल्या लाकडाच्या भुशाचा वास आला पाहिजे! आता वास कसा मुद्रित करणार? मग जत्रेतल्या वाफेच्या बाजाच्या जुन्या फिती जमवल्या, कात्रीनं तुकडे केले, ते हवेत उधळले आणि हाताला येतील तसे पुन्हा चिकटवले. काही तुकडे उलटे लागले. आणि खरंच, ऐकताना पाळण्यात बसून गरगरल्यासारखं होतं.

'अ डे इन द लाइफ' या शेवटच्या गाण्यात मधे चोवीस मात्राखंड रिकामेच ठेवलेले होते. काय भरायचं ते ठरेना. शेवटी चाळीस वादक बोलावले. सगळे मोठमोठ्या वाद्यवृंदांतले, काळ्या कोटातले. त्यांच्यासाठी खोटी नाकं नि विदूषकी टोप्या तयार! एका व्हायोलिनवादकानं तर गोरिलाचा पंजा घालून गज धरला. मार्टिननी सांगितलं, तुमच्या वाद्यातल्या सगळ्यांत खालच्या स्वरापासून सुरू करा, आपापल्या चालीनं सगळ्यांत वर पोचा, आणि शेजाऱ्याचं मुळीच ऐकू नका. आयुष्यभर 'शेजाऱ्याशी जुळवून वाजवा' हेच शिकलेल्या त्या मंडळींना केवढं अवघड गेलं असेल! ऐकताना वाटतं, एखादी इमारत जमिनीतून उगवून आभाळाला भिडतेय. त्यानंतर येतो पियानोंवर एकदम अनेक हातांनी मारलेला एकच स्वरमेळ. तो चाळीस सेकंदांहून जास्त वेळ विरत राहतो. आवाज जसजसा मंदावला तसतसा एमरिकनं ध्वनिग्रहणाचा जोर वाढवत नेला. शेवटी शेवटी खुर्चीची कुरकुरसुद्धा ऐकू येते.

आणि जॉर्जची सतार? तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं, 'विदिन यू विदाउट यू', त्याचं. त्यात बाकीचे तिघे बीटल्स नाहीतच! तबल्यावर नटवर सोनी, दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तानपुऱ्यावर बुद्धदेव कन्सारा. हे लंडनच्या 'एशियन म्युझिक सर्कल'मधले वादक. दिलरुब्याची मींड पाश्चात्त्य व्हायोलिनवाल्यांना तशीच घेता यावी म्हणून मार्टिननी खपून स्वरलिपी लिहिली. गंमत म्हणजे जुन्या तबकडीवर या चौघांची नावं नव्हती. पुढे कितीतरी वर्षांनी ती लोकांसमोर आली. म्हणून मुद्दाम सांगितली. तुम्हीही लक्षात ठेवा.

या संगीताला 'सायकेडेलिक रॉक' म्हणतात. मन आणि प्रकट होणं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हा शब्द बनला. स्वप्नात जसं सगळं लांबतं, वितळतं, रंग बदलतं, तसं हे संगीत. पण शब्द आला तो एल.एस.डी.सारख्या मादक द्रव्यांच्या संदर्भात, हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. बीटल्सनीही ती घेतली होती. मग कुणी म्हणेल, जादू त्या द्रव्याचीच! तर ही हकिकत ऐका. २१ मार्च १९६७ च्या रात्री काम चालू असताना जॉननं चुकून एल.एस.डी. घेतलं. तो कसनुसा झाला. मार्टिनना कारण ठाऊक नव्हतं. ते बिचारे त्याला मोकळ्या हवेसाठी गच्चीवर घेऊन गेले. खाली पॉल नि जॉर्जच्या लक्षात आलं, गच्चीला कठडा नाही! दोघे धावतच वर गेले आणि त्याला खाली आणलं. त्या रात्री जॉनला पुढे गाता आलं नाही. थोडक्यात निभावलं. या नादापायी त्या काळातल्या कित्येक वादकांचं थोडक्यात निभावलं नाही, हेही खरं. तबकडी झाली ती कात्री, चिकटपट्टी, चार पट्ट्या आणि पाच महिन्यांची चिकाटी यांच्यावर.

'ल्यूसी इन द स्काय विथ डायमंड्स' या गाण्याच्या आद्याक्षरांवरूनही लोकांनी 'एल.एस.डी.' असा शोध लावला. जॉन मात्र सांगत राहिला, माझ्या छोट्या ज्युलियननं बालवाडीतल्या ल्यूसीचं चित्र काढून आणलं, त्यावरून हे गाणं सुचलं. पुढची गंमत ऐका. १९७४ साली इथिओपियात सुमारे बत्तीस लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश प्राण्याचा सांगाडा सापडला. शास्त्रज्ञांच्या तंबूत हेच गाणं वाजत होतं. सांगाड्याचं नाव पडलं 'ल्यूसी'. आणि २०२१ मध्ये नासानं लघुग्रहांकडे सोडलेल्या यानालाही त्या सांगाड्यावरून 'ल्यूसी' हेच नाव दिलं. बालवाडीतलं चित्र कुठल्या कुठे पोचलं बघा!

वेष्टनही पाहण्यासारखं आहे. झगमगीत पोशाखातले चार मिशाळ बीटल्स, आणि मागे थोरामोठ्यांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमा. त्यांत परमहंस योगानंदांसह चार भारतीय योगी आहेत. पुढे एक छोटीशी लक्ष्मीची मूर्ती आहे. गांधीजीही असणार होते, पण भारतीयांना रुचणार नाही या धास्तीनं कंपनीनं ते चित्र काढायला लावलं. मागच्या बाजूला गाण्यांचे शब्द छापलेले. आत एक पुठ्ठा, त्यावर कापून लावायच्या बिल्ले-फिती आणि, हो, कागदी मिशा! म्हणजे श्रोत्यालाही आमंत्रण : चला, तुम्हीही आमच्या बँडमध्ये या.

मला वाटतं, इतक्या वर्षांनीही लोक याचसाठी ही तबकडी लावतात. ती नुसती ऐकवत नाही, खेळायला घेते. खरं तर सार्जंट पेपरचा बँड दोन गाण्यांनंतर गायबच होतो, आणि एकदम शेवटाकडे पुन्हा डोकावतो. पण तेवढं सोंग पुरलं. काहीही करून बघायची परवानगी त्यांनी स्वतःला दिली होती. सगळीच गाणी सारखी उतरलेली नाहीत. बीटल्सची याआधीची 'रिव्हॉल्व्हर' जास्त सरस, असं म्हणणारे खूप रसिक आहेत. निघाली तेव्हाही 'न्यूयॉर्क टाइम्स'मधल्या परीक्षणानं तिला झोडपलंच होतं. पण तिला ग्रॅमीचं 'सर्वोत्कृष्ट अल्बम' हे पारितोषिक मिळालं. रॉक संगीताला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि २०१७ मध्ये मार्टिनसाहेबांच्या मुलानं, जाइल्सनं, नव्यानं मिश्रण केलं तेव्हा ब्रिटनमध्ये ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेली!

तर, नववीतल्या मैत्रिणी, आता तुझ्या प्रश्नाकडे. या तबकडीत 'व्हेन आय'म सिक्स्टी-फोर' नावाचं एक गाणं आहे. त्याची चाल पॉलनं तुझ्याच वयाच्या आसपास, वडिलांच्या जमान्यातल्या गाण्यांच्या धर्तीवर बांधली होती. वडिलांचा स्वतःचा बँड होता ना! दहा वर्षं ती चाल तशीच पडून होती. नव्या तबकडीत ती मजेत जाऊन बसली. म्हणजे नवं करायचं म्हणून जुनं टाकावं लागत नाही. सर्कशीची जाहिरात, बागेतला बँड, मुंबईत शिकलेली सतार, सगळं घेऊनच ते नवं झालं. तुझ्या चालीतही ते नाट्यगीत कुठेतरी डोकावेलच. डोकावू दे. वन्समोअर मिळेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण फारच भीती वाटली, तर कागदी मिशी लावून स्टेजवर जा!

बाकीच्यांनी काय करायचं? तीन उद्योग देतो.

एक : शेवटचा स्वरमेळ सुरू झाला की घड्याळ लावा आणि आवाज कितव्या सेकंदाला संपतो ते लिहून ठेवा. घरातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल.

दोन : 'लव्हली रीटा' ऐका. त्यातला एक गमतीदार आवाज कंगव्यावर पातळ कागद धरून फुंकल्याचा आहे. घरी करून पाहा.

तीन : त्या स्वरमेळानंतर अगदी शेवटी एक बारीक शिट्टी आहे, कुत्र्यांसाठी म्हणून मुद्दाम ठेवलेली. मोबाइलच्या स्पीकरवर कदाचित सापडणार नाही, बऱ्या हेडफोनवर ऐका, पण आवाज बेताचाच ठेवा. तुमच्या तरुण कानांना ती ऐकू येईल. बाबांना विचारा, त्यांना येते का. नाही आली तर हसू नका हं!

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर कान उघडे ठेवा.