किल्ली हुद्द्याची, माणसाची नव्हे

आमच्या बँकेच्या शाखेतली तिजोरी एका किल्लीने कधीच उघडत नसे. एक किल्ली मॅनेजरांकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. कुणी रजेवर निघाला की रजिस्टरात सह्या होत आणि किल्ली पुढच्याच्या हाती जाई.

शाखेत संगणक आले आणि हीच शिस्त आम्ही खुशाल विसरलो. सकाळी सर्वांत आधी येणाऱ्या एका बाईंच्या नावाने यंत्र सुरू व्हायचं आणि दिवसभर सगळे त्याच नावावर काम उरकायचे. परवलीचा शब्द टेबलाच्या काचेखाली, चिठ्ठीवर! एकदा एका खात्यात खोटी नोंद सापडली. यंत्राने नाव सांगितलं ते बाईंचं. त्या दुपारी त्या लवकर घरी गेल्या होत्या, हे आम्हाला ठाऊक होतं. चौकशीत बोललं कुणीच नाही. मीही नाही. बाईंची वेतनवाढ रोखली गेली. पुढे त्यांची बदली झाली, तरी त्यांचं नाव यंत्रात चालूच होतं.

लाजेची गोष्ट अशी की उपाय तेव्हाही नवा नव्हता. आयबीएमच्या पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ साली तो मांडला होता. माहितीच्या कोणत्या तक्त्यात कुणी नुसतं वाचावं, कुणी नोंद करावी, कुणी खोडावं, हे अधिकार प्रत्येकाला वेगवेगळे द्यायचे. देण्याची आज्ञा 'ग्रँट', काढून घेण्याची 'रिव्होक'. एखाद्याने मिळालेला अधिकार पुढे दुसऱ्याला दिला असेल, तर मूळ अधिकार काढताच तोही गळून पडावा, इथवर विचार त्यात होता. १९९९च्या एसक्यूएल मानकात 'रोल', म्हणजे भूमिका आली. अधिकार 'कॅशियर' या भूमिकेला द्यायचे आणि भूमिका माणसाला. माणूस बदलला की भूमिका काढून घ्यायची. आमच्या तिजोरीचाच न्याय!

'चार माणसांच्या कचेरीत एवढा खटाटोप कशाला? आमचा एकमेकांवर विश्वास आहे,' असं म्हणणारे भेटतात. विश्वास आमचाही होता. प्रत्येकाचं नाव वेगळं असतं, तर निर्दोष बाईंना आमच्या साक्षीची गरजच पडली नसती.

आता आमच्या सोसायटीचा हिशेब संगणकावर आहे. परवाच्या सभेत मी विचारलं, 'गेल्या वर्षी सोडून गेलेल्या मॅनेजरचं नाव काढलंत का?' सेक्रेटरी हसले. म्हणाले, 'काका, अजून त्याच्याच नावाने तर उघडतं!'