मजकुराची फाइल मागून घ्या

पुस्तक, स्मरणिका, संस्थेचा वार्षिक अहवाल, वडिलांचं आत्मचरित्र, जे काही छापून घ्याल त्याच्या प्रतींबरोबर मजकुराची फाइलही मागून घ्या. पीडीएफ नव्हे. पीडीएफ म्हणजे छापील पानाची छबी, ती वाचायला आणि जशीच्या तशी छापायला ठीक. मी म्हणतोय ती युनिकोडमधली, कुठल्याही संगणकावर उघडणारी आणि हवं ते वाक्य बदलता येईल अशी फाइल. बहुतेक लोक ती मागतच नाहीत. मग दहा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची ठरते, डीटीपीवाल्याने धंदा बंद केलेला असतो आणि सबंध पुस्तक पुन्हा टाइप करून घ्यावं लागतं. एकाच कामाचे दोनदा पैसे, वर मुद्रितशोधनाची कटकट नव्याने.

असं का होतं, ते समजून घेतलंत तर मागताना अडणार नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली आली, तिच्यात देवनागरी होती. पण विंडोजवर देवनागरी नीट उमटायला विंडोज 2000 यावं लागलं, आणि पानं लावायला आपल्या छापखान्यांचा लाडका पेजमेकर तर शेवटपर्यंत युनिकोड देवनागरी शिकलाच नाही. त्या काळात श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम या सॉफ्टवेअरनी मराठी छपाई तगवली. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं, नाहीतर कितीतरी नियतकालिकं खिळे जुळवतच राहिली असती. त्यांनी काढलेली वाट अशी: रोमन अक्षरं आणि चिन्हं यांच्या जागी फाँटमध्ये देवनागरीचे तुकडे बसवायचे. पडद्यावर दिसतं मराठी, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकीचा मजकूर दुसरीच्या फाँटमध्ये टाकला की कचरा.

‘किती’ हा शब्द घ्या. डोळ्यांना ह्रस्व वेलांटी आधी दिसते आणि क नंतर, म्हणून जुन्या फाँटात ती आधीच साठवलेली असते. युनिकोडमध्ये बोलण्याचा क्रम पाळतात: आधी क, मग वेलांटी. ‘सूर्य’मधल्या रफाराचं उलटं, तिथे जुन्या फाँटात य आधी आणि रफार मागून. त्यामुळे अशा फाइलीत ‘किती’ शोधायला जावं तर सापडत नाही, अकारविल्हे सूची लावावी तर लागत नाही. अंध वाचकाच्या संगणकावरचा एनव्हीडीएसारखा पडदा-वाचक युनिकोड मराठी वाचून दाखवतो, हा मजकूर मात्र त्याला निरर्थक चिन्हांची माळ वाटतो.

आणि हे सगळं दुसऱ्याच्या कुलपात. पुष्कळ छापखान्यांत अजून एक जुना संगणक निव्वळ जुन्या कामांसाठी जपून ठेवलेला असतो, मागे फाँटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल खोचलेलं. डोंगल बिघडलं की संपलं. पेजमेकरची सातवी आवृत्ती 2001 साली आली, ती शेवटची. पेजमेकर बनवणाऱ्या ॲडोबीचंच इनडिझाइन त्या फाइली सीएस6पर्यंत उघडत होतं, पुढच्या आवृत्त्यांनी तेही सोडलं. टाइप 1 जातीचे जुने फाँट ॲडोबीने जानेवारी 2023मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमधून कायमचे बाद केले. यात बेकायदा काही नाही. कंपनी आपली सोय पाहते, आपण आपली पाहत नाही, एवढाच माझा मुद्दा.

युनिकोड आलं म्हणजे प्रश्न मिटला, असंही समजू नका. ॲडोबीने 2013 साली नव्या आवृत्त्या एकरकमी विकणं थांबवून मासिक-वार्षिक वर्गणीची पद्धत आणली. वर्गणी थकली की सॉफ्टवेअर बंद. फाइल तुमच्या डिस्कवर असून उघडत नाही. आणि वर्गणी वेळेवर भरूनही काय होऊ शकतं, ते मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीने जुलै 2025मध्ये पाहिलं. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने भारतातल्या या कंपनीची ईमेलसकट सेवा थांबवली. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग काही दिवसांत सेवा सुरू झाली. ते निर्बंध योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवा. वडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायराला वकील उभा करता येतो. तुमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांना, गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना ते परवडणार आहे का?

म्हणून नवं काम देतानाच ऑर्डरीवर लिहून घ्या: ‘अंतिम मुद्रितशोधनानंतरचा मजकूर युनिकोडमध्ये, ओडीटी किंवा डॉक्स स्वरूपात द्यावा.’ ‘अंतिम’ हा शब्द गाळू नका. नाहीतर पहिल्या प्रुफाची फाइल हातात पडते, दुरुस्त्या सगळ्या पेजमेकरातच राहतात. फाँटचं कारण सांगितलं तर ऐकू नका. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, आयआयटी मुंबईचा शोभिका, असे मोफत आणि देखणे युनिकोड फाँट आहेत आणि आजच्या इनडिझाइनमध्ये चालतात.

जुन्या फाइली असतील तर आधी लिबरऑफिसने उघडून बघा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि 2015च्या 4.4 आवृत्तीपासून त्याला पेजमेकरच्या फाइली वाचता येतात. पानाची मांडणी विस्कटेल, विस्कटू द्या, आपल्याला मजकूर हवा आहे. तो फाँट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये न्या आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा. चुका ठरावीक जागी होतात: ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ऱ्हास’ यांतला अर्धा र, ‘राष्ट्र’, ‘ज्ञ’, ‘श्र’, रफारावर अनुस्वार असलेले शब्द. ‘ॲ’कडे खास लक्ष द्या. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे 2008 साली आलं. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलेलं असतं. दोन्ही दिसायला सारखी, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. सगळीकडे एकच करून टाका.

फाइलच हरवली असेल आणि छापील प्रत हाती असेल, तर पानं स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या मोफत सॉफ्टवेअरने अक्षरं ओळखून घेता येतात. छपाई स्वच्छ असेल तर नव्याने टाइप करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, जुन्या खिळ्यांच्या छपाईत मात्र जोडाक्षरं दगा देतात.

डीटीपीवाला युनिकोडसाठी वेगळे पैसे मागेल. द्या. त्यात त्याचा तपासणीचा वेळ जातो आणि ते काम डोळे फोडणारं आहे. ‘फाइल आमची, देत नाही’ असं म्हणाला, तर मात्र मजकूर कोणी लिहिला आणि बिल कोणी भरलं, एवढं विचारा. पानाच्या मांडणीवर त्याला हक्क सांगू द्या हवं तर. घरातल्या कपाटात दिवाळी अंकाच्या किंवा संस्थेच्या सीडी पडल्या असतील, तर सुरुवात त्यांच्यापासून करा. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो तोवर एक घेऊन ठेवा.