गोळी मोठी, पण ओझ्याचे काय?

भारतीय लष्करात ‘इन्सास’ रायफलीची जागा आता ‘सिग-७१६’ आणि अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे बनणारी ‘एके-२०३’ घेत आहेत. इन्सासची गोळी ५.५६ मिमी व्यासाची, या दोन्हींची ७.६२ मिमी. मग गोळी जितकी मोठी तितकी चांगली, असे समजायचे का?

खरा हिशेब वजनाचा आहे. इन्सासचे काडतूस सुमारे १२ ग्रॅमचे, सिगचे सुमारे २४. सिगच्या गोळीची ऊर्जा नळीतून सुटताना जवळपास दुप्पट असते आणि ती लांबवर टिकते. पण तेवढ्याच ओझ्यात काडतुसे निम्मीच बसतात, खांद्याला धक्काही जोराचा बसतो. अमेरिकेने २०२२ मध्ये ६.८ मिमीची रायफल निवडली, तेव्हा जवानाकडील नेहमीची काडतुसे २१० वरून १४० वर आली.

एके-२०३ हा मधला मार्ग. काडतूस हलके, धक्का आटोक्यात. मात्र गोळी लवकर मंदावते. शिवाय व्यास सारखा असूनही तिची काडतुसे सिगमध्ये चालत नाहीत. सिगच्या काडतुसाचे कवच ५१ मिमी लांब, एकेचे ३९. म्हणजे ऐन लढाईत दोन वेगळे पुरवठे सांभाळणे आले.

स्नायपर मोजक्याच गोळ्या झाडतो, म्हणून त्याला .३३८ लापुआ मॅग्नमसारखे जड काडतूस परवडते. पायदळातल्या जवानाला पाणी, शिधा आणि चिलखतही वाहायचे असते. त्यामुळे गोळी किती मारक, याआधी विचारायला हवे : लढायचे किती अंतरावर आणि वाहायचे किती?