कार्बन कॅप्चर: आधी कुणी लावायचं?

बॅचमध्ये हल्ली एक प्रश्न सारखा येतो. "सर, सरकार कार्बन कॅप्चरला पैसे देतंय म्हणे, आपल्या युनिटला काही मिळेल का?"

२०२६-२७ च्या केंद्रीय बजेटमध्ये त्यासाठी पाच वर्षांत २०,००० कोटी रुपये ठेवलेत, हे खरं. पण ते वीज, स्टील, सिमेंट, रिफायनरी आणि केमिकल या मोठ्या क्षेत्रांसाठी. आपल्या छोट्या युनिटला त्यातलं थेट काही मिळेल असं मला वाटत नाही. आणि माझं मत विचाराल तर या पाचांचीही रांग लावायला हवी. सिमेंट पुढे, वीज शेवटी.

कारण सांगतो. सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी कोळशावर चालवा नाहीतर सोलरवर, हे ४४ किलो निघणारच. फ्लाय ॲश मिसळून चुनखडी थोडी वाचते, बाकीचा गॅस पकडावाच लागेल.

एकलहऱ्याच्या थर्मलचं तसं नाही. तिथला माल वीज, आणि वीज दुसऱ्या मार्गानेही मिळते. शिवाय कोळशाच्या धुरात हा गॅस शंभरात साधारण बारा-चौदा भागच. धूर रसायनातून न्यायचा, रसायन तापवून गॅस सोडवायचा, मग तो दाबून भरायचा. म्हणजे प्लांट आपल्याच मालातला मोठा वाटा खाणार! दुकानदार म्हणून मला हे गणित पटत नाही.

उलटं उदाहरण आपल्या गंगापूर रोडचंच घ्या. वायनरीच्या टाकीत द्राक्षरस आंबतो तेव्हा साखरेच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो, तोही बऱ्यापैकी शुद्ध. सोडा, ड्राय आइस, वेल्डिंग, सगळीकडे या गॅसला गिऱ्हाईक आहे. रायगडमधल्या साळावच्या जेएसडब्ल्यू प्लांटमधला पकडलेला गॅसही खाद्यपेय उद्योगाला जातो. पण वायनरीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, मशीन वर्षभर पोसायचं. आणि बाटलीचं झाकण उघडलं की गॅस परत हवेत. हा धंदा झाला, साठवण नव्हे.

खरी साठवण आइसलँडमध्ये झाली. २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला गॅस बेसॉल्टमध्ये सोडला, दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त दगडात जमा. आपली पांडवलेणीही बेसॉल्टमध्येच कोरलेली! पण त्या पद्धतीत एका टन गॅसला सुमारे २५ टन पाणी लागतं. दुष्काळी वर्षी जायकवाडीला पाणी सोडण्यावरून भांडणारे आपण ते कुठून आणणार, हे आधी कुणीतरी सांगावं.

आता तुमचं. अंबड-सातपूरला नट-बोल्ट बनवून युरोपला पाठवत असाल, तर १ जानेवारी २०२६ पासून तिथला कार्बन कर, सीबीएएम, प्रत्यक्ष लागू झालाय आणि बोल्टही त्यात येतात. खरेदीदार विचारणार, स्टील कुठलं, इंधन किती. कुणी "कार्बन सर्टिफिकेट" विकायला आला तर त्याला चहा पाजा, चेक देऊ नका. लाइट बिल, डिझेल-गॅसची बिलं आणि स्टीलची टेस्ट सर्टिफिकेटं महिनावार लावायला घ्या. शीट कशी बनवायची ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.