‘बूट पॉलिश आंदोलना’वर आमची हरकत

गेल्या अंकाच्या मलपृष्ठावर आम्ही एक छायाचित्र छापले होते. शासकीय कार्यालयाच्या फाटकाबाहेर पदवीदानाचे काळे झगे घातलेले पाच-सहा तरुण ओळीने बसले आहेत, प्रत्येकापुढे पॉलिशची डबी आहे, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट पुसत आहेत. रखडलेल्या नोकरभरतीच्या निषेधार्थ बेळगावातील पदवीधरांनी केलेले हे आंदोलन. छायाचित्राखाली ‘सुशिक्षितांवर आलेली वेळ’ अशी ओळ होती. ती ओळ आंदोलकांची नव्हे, आमची होती. ती आम्ही मागे घेत आहोत. नोकरभरतीच्या मागणीला आमचा विरोध नाही. ती रास्तच आहे. हरकत आहे ती मागणी मांडण्यासाठी निवडलेल्या चिन्हावर, आणि त्या चिन्हापुढे आम्ही निमूटपणे तुकवलेल्या मानेवर.

आमच्या वाचनालयाच्या कोपऱ्यावर एक चर्मकार कारागीर बसतात. आमच्यापैकी बहुतेकांच्या चपलांचे अंगठे त्यांनीच शिवलेले आहेत. अंक निघाल्यावर चार दिवसांनी त्यांनी आम्हांला थांबवले. अंक त्यांच्या नातीने घरी नेला होता. “काय ओ साहेब,” ते म्हणाले, “ह्या पोरांवर वेळ आली म्हणून लिवलाय. मग आमच्यावर काय आली ओ?” प्रश्नात राग नव्हता. राग असता तर उत्तर देणे सोपे गेले असते.

हे चिन्ह आजचे नाही. मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा ऑगस्ट 1990 मध्ये झाली, तेव्हा आरक्षणविरोधी विद्यार्थी रस्त्यावर उतरले; त्यांपैकी काहींनी बूट पॉलिश केले, काहींनी रस्ते झाडले. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावरून 2006 मध्ये पुन्हा तेच दृश्य दिसले. या वेळी हातात ब्रश घेणारे वैद्यकीय विद्यार्थी होते. त्या निदर्शनांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही: आरक्षण आले तर आम्हांलाही हीच कामे करावी लागतील. ‘हीच कामे’ पिढ्यान्‌पिढ्या कोण करीत आले, आणि ती करणाऱ्यांनी कोणत्या फाटकासमोर निदर्शने करायची, हा प्रश्न त्या गर्दीत कोणाच्या मनात उमटल्याचे दिसले नाही. आमचे पदवीधर आरक्षणाविरुद्ध बसले नव्हते. त्यांच्यात मागासवर्गीय मुलेही होती असे आम्हांला सांगण्यात आले. तथापि चिन्ह तेच, आणि चिन्हाला आपला उगम विसरता येत नाही. लेखणी सुटून ब्रश हाती येणे म्हणजे माणूस खाली जाणे, हे गृहीत धरल्याखेरीज त्या दृश्यात निषेधाचा जोर भरतच नाही.

ते छायाचित्र आम्ही त्या कारागिरांबरोबर पुन्हा पाहिले. त्यांनी पहिल्याच नजरेत दाखवले की एका तरुणाने धूळ न झाडताच पॉलिश चोपडले आहे, आणि दुसरा गव्हाळी मखमली पाठीच्या चामड्यावर काळे पॉलिश लावतो आहे. “तो बूट गेला,” एवढेच ते म्हणाले. ज्या कामाला अक्कल लागत नाही असे दाखवण्यासाठी हे तरुण बसले होते, ते काम त्यांना येत नव्हते.

वस्तुतः या कामात जाणण्यासारखे पुष्कळ आहे. आधी नाडी सोडायची, मग कोरड्या ब्रशाने धूळ झाडायची. विशेषतः तळ आणि वरचे चामडे जिथे शिवलेले असते त्या खाचेतली, कारण तिथली माती ओल धरते आणि टाका कुजवते. धुळीवर पॉलिश लावले तर ती कातड्यावर वाळूसारखी घासली जाते. पॉलिश म्हणजे मुख्यतः मेण, त्याला पातळ करणारे टर्पेंटाइनसारखे द्रावण आणि रंग. द्रावण उडून जाते आणि मेणाचा थर उरतो, म्हणून लावल्यावर थोडे थांबावे लागते. घाई केली तर चमक येत नाही, नुसते काळे फासले जाते. थर पातळच हवा. जाड थर बोटांच्या मागे जिथे बूट मोडतो तिथे तडकतो, आणि मेण काही कोरड्या कातड्याला ओलावा देत नाही. ते काम तेलाचे किंवा मलमाचे. शेवटी फडक्यावर पाण्याचा एखादा थेंब घेऊन टाचेवर आणि चवड्यावर लहान लहान वर्तुळांत घासत राहिले की मेण सपाट होऊन आरसा दिसू लागतो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची वहाण मात्र हे सगळे मागत नाही. तिला तेल पुरते. रसायनांत कमावलेले कोणते आणि झाडपाल्यात कमावलेले कोणते, हे आमचे कारागीर अंगठ्याने दाबून सांगतात. आमच्या मंडळात मराठीचे तीन निवृत्त प्राध्यापक आहेत. आमच्यापैकी एकालाही ते सांगता आले नाही.

काम हलके नाही, मग लाज येते कुठून? त्याचे उत्तर आमच्याच गावाच्या छावणीत आहे. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र. तिथला प्रत्येक रिक्रूट पहाटे उठून आपले बूट घासतो, त्यात तोंड दिसले नाही तर शिक्षा घेतो, आणि सुट्टीवर गावी आला की तेच बूट अभिमानाने ओट्यावर ठेवतो. ब्रश तोच, डबी तीच. त्याला कोणी ‘वेळ आली’ म्हणत नाही. अर्थात तो स्वतःचे बूट घासतो, दुसऱ्याचे नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून आणखी दूरचे एक उदाहरण घेतो. काही वाचकांना ते रुचणार नाही, पण मुद्द्याला ते नेमके लागते.

अमेरिकेतील मोठ्या शहरांत समलिंगी स्त्रीपुरुषांचा एक समूह आहे, जो चामड्याचा पेहराव आणि बूट यांना आपल्या ओळखीची खूण मानतो. तिकडे त्याला ‘लेदर कम्युनिटी’ म्हणतात. या मंडळींचा वार्षिक मेळा शिकागोत 1979 पासून भरतो, आणि 1993 पासून त्याच्या जोडीने दुसऱ्यांचे बूट साफ करणाऱ्यांची, ‘बूटब्लॅकां’ची, स्पर्धाही होते. जिंकणारा मानाचा पट्टा मिरवतो. बूटब्लॅक तिथे खुर्चीपुढे खाली बसतो, समोरच्याचा बूट मांडीवर घेतो, कातडे तपासतो, तेल लावतो, पॉलिश करतो आणि त्याच्याशी गप्पा मारतो. ही विद्या एकाकडून दुसऱ्याकडे हातोहात जाते. त्या समूहाच्या इतिहासासाठी 1991 मध्ये शिकागोतच स्थापन झालेले एक संग्रहालयही आहे. त्यांच्या या रीतीत स्वामी आणि सेवक यांचा एक खेळ मिसळलेला असतो, हे लपवण्याचे कारण नाही. पण तो खेळ दोघांच्या संमतीने चालतो, आणि संपला की दोघेही बरोबरीने उठतात.

म्हणजे दुसऱ्याच्या पायाशी बसून त्याचे बूट पुसणे यातही अपमान असतोच असे नाही. तो कर्तव्य असू शकतो, कला असू शकते, प्रेमही असू शकते. फरक एवढाच की शिकागोतला माणूस त्या जागी आपण होऊन बसतो आणि वाटेल तेव्हा उठतो. आमच्याकडे ती जागा जन्माने नेमून दिली, आणि उठणाऱ्याला आडनाव विचारून पुन्हा बसवले. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये जातिव्यवस्थेवर जो आक्षेप घेतला त्याचे मर्म हेच होते: तिने कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसे वाटली आणि त्यांच्यात उतरंड लावली. लाज ब्रशात नसते, ती या उतरंडीतून येते. आणि आंदोलक ब्रश हाती घेतात तेव्हा उतरंडीला धक्का न लावता तिच्या तळाशी बोट दाखवतात.

आम्ही साहित्याची मंडळी, तेव्हा आपल्या भाषेकडेही पाहू. रिकामटेकड्या विचारपुशीला आपण ‘चांभारचौकशी’ म्हणतो; मंडळाच्या जुन्या अंकांत हा शब्द आम्हांला सहज सापडला, एकदा तर अध्यक्षीय भाषणात. पायातली वहाण पायातच बरी, हे आपण सुनेबद्दल बोललो, कुळाबद्दल बोललो, गड्याबद्दल बोललो. माणसाचा अपमान करायचा तर आपल्याला जोड्यांचा हार सुचतो. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने हा हार घालणे नावानिशी गुन्हा म्हणून नोंदवावे लागले. याच भाषेत पादुका हा शब्दही आहे. संतांच्या पादुका पालखीत घालून आपण पंढरीला नेतो, त्यांवर डोके ठेवतो. पायातल्या वस्तूला शिवल्याने विटाळ होतो की पुण्य लागते, हे ती वस्तू कोणाच्या पायातली यावर ठरते. ती करणाऱ्याचा हिशेब दोन्ही वेळा बाहेरच राहतो.

आणि कोणाचे उपकार फेडायचे असले की आपण म्हणतो, आपल्या कातड्याचे जोडे करून घातले तरी ते फिटायचे नाहीत. आमच्या सीमाभागात हे बोलणे नुसते बोलणे नाही. बाराव्या शतकातील कल्याणच्या, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणच्या, शरणांमध्ये हरळय्या नावाचा चर्मकार होता. बसवण्णांनी आपल्याला प्रतिनमस्कार केला, या सन्मानाने भारावून त्याने आणि त्याच्या पत्नीने स्वतःच्या मांड्यांचे कातडे काढून बसवण्णांसाठी पादत्राणे केली, असे परंपरा सांगते. पुढे याच हरळय्याच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला, आणि त्यापायी राजा बिज्जळाने दोघा व्याह्यांना देहदंड दिला. जोडे करणाऱ्याला प्रणाम करणे चालले. त्याच्या घरी मुलगी देणे राज्याला पेलले नाही. कन्नड शेजाऱ्यांना ही कथा लहानपणापासून ठाऊक असते. आम्ही इतकी वर्षे त्यांच्या शेजारी राहून, भाषेच्या प्रश्नावर एवढे ठराव करून, ती या अंकात एकदाही छापली नव्हती.

आता आमच्यावर उलटा आक्षेप येईल, आला पाहिजे. तुम्ही या धंद्याचे गोडवे गाता, म्हणजे चर्मकारांच्या मुलांनी कोपऱ्यावरच बसावे असे तुमचे म्हणणे का? मुळीच नाही. श्रमप्रतिष्ठेची भाषणे ज्यांना कधी तो श्रम करावा लागणार नाही तेच बहुधा करतात, आणि कारागिराची स्तुती करून त्याला जागेवर बसवून ठेवणे हा आपला जुना खेळ आहे. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या वहाणा मूळ न सांगता मांडल्या, तेव्हा आपण सगळे खवळून उठलो. भौगोलिक मानांकनाने हे नाव कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर आमच्या बेळगावचे आणि धारवाड, बागलकोट, विजयपूर यांचेही आहे, हेही अभिमानाने सांगितले. मात्र त्या संतापात वहाणेची जेवढी चर्चा झाली तेवढी ती शिवणाऱ्याच्या मजुरीची झाली नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या कारागिरांची नात वाणिज्य शाखेत शिकते. तिने रापी धरावी की हिशेबाचे पुस्तक, हे तिने ठरवायचे. आमचे म्हणणे एवढेच की उद्या तिची नोकरभरती रखडली आणि तिलाही त्या फाटकाबाहेर बसावे लागले, तर तिने आपला अपमान दाखवण्यासाठी आजोबांचे काम हातात घ्यावे, अशी वेळ तिच्यावर आम्ही आणू नये.

पदवीधरांच्या संघटनेने पुढील आंदोलनासाठी आमच्या मंडळाचा पाठिंबा मागितला आहे. आम्ही तो दिला आहे, आणि सोबत एक पत्र दिले आहे: फाटकाबाहेर बसा, पदवीच्या प्रती जाळा, उपोषण करा, आम्ही येऊन बसू, ब्रश आणि डबी आणणार असाल तर पत्रकावर आमचे नाव छापू नका. पत्राची प्रत कोपऱ्यावर वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, तो गव्हाळी बूट कोणाचा होता ते कळले का. घेऊन या म्हणाले, रंग उतरवून बघतो.