आजींचा हात कोणी धरावयाचा?

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील फोर्ट मॅकमरी हे अरण्यवेष्टित नगर. ३ मे २०१६ रोजी वणवा वेशीच्या आत शिरला आणि सुमारे ८८,००० रहिवाशांना घरदार सोडावे लागले. दक्षिणेकडे जाणारा महामार्ग एकच, तोही ज्वाळांनी वेढलेला. म्हणून हजारो कुटुंबे प्रथम उत्तरेकडील तेल-उत्खननाच्या कामगार-वसाहतींत गेली. पुढे पोलिसांच्या पहाऱ्यात, मोटारींच्या रांगा करून, होरपळलेल्या नगरातूनच त्यांना दक्षिणेस आणण्यात आले. सुमारे २,४०० इमारती भस्मसात झाल्या. परंतु ज्वाळांनी एकही बळी घेतला नाही. वाटेवरील मोटार-अपघातात मात्र दोन जीव गेले.

अशा समयी गृहिणीने काय उचलावे? दागिने, देव्हाऱ्यातील देव, की मुलांची छायाचित्रे? आम्हांस वाटते, हा प्रश्न दाराशी धूर आल्यावर सोडवावयाचा नसतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड येथे प्राणाशी गाठ घालते. औषधे, महत्त्वाचे कागद आणि ताटातूट झाल्यास भेटण्याचे ठिकाण, एवढे आधीच ठरलेले असावे. वाचकहो, आज रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरातील सर्वांनी क्षणभर बसावे आणि आणखी एक गोष्ट ठरवावी: निघताना आजींचा हात कोणी धरावयाचा?