बेरीज कोणी तपासली?

वहीतला हिशेब चुकल्यासारखा वाटला की अब्बा पुन्हा बेरीज करून पाहतात. पडद्यावर आलेला आकडा मात्र घरात कोणी तपासत नाही. एका भगिनीने आम्हाला लिहिले आहे की त्यांच्या मुलीने शिवणकामाच्या हिशेबासाठी छोटेसे वेब पान तयार केले, आणि कुर्त्याचे २०० व फॉलचे ५० मिळून त्यात २००५० रुपये आले! मुलीचे सहा महिन्यांचे शिकणे वाया गेले का, असे त्या विचारतात.

मुळीच नाही. जावास्क्रिप्टचा हा जुना स्वभाव आहे. ब्रेंडन आईक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत या भाषेचे पहिले रूप दहा दिवसांत उभे केले. चौकटीत टाइप केलेली रक्कम तिच्या लेखी मजकूर असते, म्हणून ५० हे २०० ला नुसते चिकटतात. ८५, ९०० आणि १००० या रकमा क्रमाने लावायला सांगा, ती १००० आधी ठेवील, मग ८५, मग ९००, शब्दकोशातल्या शब्दांसारख्या.

अशा चुका डोळ्यांनी शोधत बसू नये. त्यासाठी चाचणीची फ्रेमवर्क असतात, आणि घरी शिकणाऱ्या मुलांसाठी आम्हाला क्यूयुनिट सोयीचे वाटते. जॉन रेसिग यांनी ते जेक्वेरीच्या कामासाठी लिहिले. २००८ साली त्याला स्वतंत्र नाव मिळाले आणि २००९ मध्ये ते जेक्वेरीवाचूनही चालू लागले. ते मोफत आहे. दोन फायली उतरवून घ्यायच्या, एका कोऱ्या पानाला जोडायच्या आणि ते पान ब्राउझरमध्ये उघडायचे. नंतर इंटरनेट नसले तरी चालते. घरात एकच जुना लॅपटॉप आणि तोही भावाच्या ताब्यात, अशा मुलींना ही गोष्ट किती मोलाची आहे हे सांगायला नको. पुढे नोडवर काम करायची वेळ आली तर तिथेही हेच क्यूयुनिट चालते.

चाचणी लिहायची म्हणजे काय? तिला एक नाव द्यायचे आणि सांगायचे की २०० व ५० दिल्यावर उत्तर २५० यायला हवे. उत्तर चुकले तर पान तांबडे होते आणि अपेक्षित काय होते, आले काय, हे एकाखाली एक दिसते. पान पुन्हा उघडले की आधी नापास झालेली चाचणीच प्रथम घेतली जाते. चाचणीत काहीच तपासले नसेल तर तीही नापास. नुसती हजेरी लावून भागत नाही.

पण खरी मेख इथे आहे. मुलीने चाचणीत २०० आणि ५० हे आकडे म्हणून दिले तर बेरीज २५० येईल, पान हिरवे होईल आणि चूक तशीच राहील. चौकटीतून रक्कम जशी येते तशीच, म्हणजे अवतरणचिन्हांत, द्यायला हवी. दुसरे असे की तुलनेसाठी 'इक्वल' वापरू नये. त्याला २५० हा मजकूर आणि २५० हा आकडा एकच वाटतात. 'स्ट्रिक्टइक्वल' हा फरक पकडते.

तेव्हा आधी चाचणी लिहावी, ती तांबडी झालेली पाहावी, मग रक्कम 'नंबर' या फंक्शनमधून आकड्यात बदलून घ्यावी. पैशांचा हिशेब असेल तर रुपयांऐवजी पूर्ण पैशांत ठेवावा, कारण ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ही भाषा ०.३ च्या पुढे पंधरा शून्ये आणि एक ४ अशी देते. (हा दोष एकट्या जावास्क्रिप्टचा नाही, बहुतेक भाषांत तो आहे.)

आणखी एक चाचणी आमच्याकडून. अम्मीने मराठी कीबोर्डवरून '२००' टाइप केले तर? 'नंबर' फंक्शनला देवनागरी अंक कळत नाहीत. 'हा आकडाच नाही' असे उत्तर येते. इंग्रजी पुस्तकांतल्या उदाहरणांत ही चाचणी सहसा सापडणार नाही. ती या मुलीनेच लिहावी, आणि अंक बदलून घेणाऱ्या चार ओळीही.